बाबांना एवढ्या लांब जाऊ द्यावे का?

रुग्ण बाहेर बाकावर बसलेला असताना त्याचा मुलगा एकटाच आत येतो, दार लोटून घेतो आणि आवाज खाली करतो, तेव्हा पुढे काय येणार याचा अंदाज मला इतक्या वर्षांच्या व्यवसायानंतर येतो. एक तर बाबांपासून लपवायचा एखादा रिपोर्ट असतो, नाहीतर बाबांनी मनात घेतलेली एखादी गोष्ट डॉक्टरांच्या तोंडून मोडून घ्यायची असते.

लातूरच्या माझ्या दवाखान्यात त्या दिवशी दुसरी गोष्ट होती. “बाबा हट्टाला पेटलेत, डॉक्टरसाहेब. नेपाळला जायचं म्हणतेत, तेही गाडीनं. तुम्हीच नको म्हणा. तुमचं ऐकतेत ते.”

बाबा म्हणजे औसा तालुक्यातील एक निवृत्त हवालदार, वय ७३. त्यांच्या संमतीने, नाव वगळून ही हकिकत सांगतो आहे. आम्ही सारे त्यांना हवालदारकाका म्हणतो. सैन्यात ते वाहनदुरुस्तीचे काम करीत आणि काही वर्षे एका गोरखा पलटणीला जोडलेले होते. तिथला त्यांचा जोडीदार नेपाळमधील पोखरा शहराजवळचा. वयाने वर्षभर लहान, म्हणून काकांना तो ‘दाजू’ म्हणे. नेपाळीत दाजू म्हणजे थोरला भाऊ. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात काकांच्या घराच्या भिंती पडल्या, तेव्हा अजून नोकरीत असलेल्या या मित्राची मनीऑर्डर सख्ख्या नातेवाइकांच्या आधी पोहोचली. २५ एप्रिल २०१५ रोजी नेपाळ हादरले तेव्हा काका दोन दिवस फोन लावीत बसले होते. तिसऱ्या दिवशी पलीकडून आवाज आला : “दाजू, ठीक छु.”

सैन्यातून निवृत्त होताना काकांनी त्याला शब्द दिला होता, ‘स्वतःच्या गाडीने तुझ्या दारात येईन.’ त्या शब्दाला छत्तीस वर्षे झाली होती.

मुलाची भीती मात्र खोटी नव्हती. काकांना मधुमेह होऊन अठरा वर्षे झालेली, रक्तदाब होता, पाच वर्षांपूर्वी हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवलेला, एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला आणि दुसऱ्याचा पिकत आलेला. अशा माणसाला ‘नको’ म्हणायला अर्धे मिनिट पुरते. पूर्वी मी तसेच म्हटले असते. किंबहुना एकदा म्हटले आहे, आणि तेही दुसऱ्या कोणाला नव्हे.

माझे वडील नांदेडला शिक्षक होते. त्यांच्या पिढीचे शालेय शिक्षण निजामाच्या राजवटीत उर्दूतून झाले. पुढे हैदराबादला शिकताना जोडलेला त्यांचा एक मित्र तिथेच स्थायिक झाला होता. दोघांचा पत्रव्यवहार अखेरपर्यंत उर्दूतून चाले. आम्हा मुलांना त्यातले अक्षरही वाचता येत नसे. वडील पंचाहत्तरीचे असताना त्या मित्राने भेटीला बोलावले. नांदेडहून हैदराबाद म्हणजे पावणेतीनशे किलोमीटर, परदेश नव्हे. पण वडिलांना आदल्या वर्षी हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता. मी म्हणालो, “बाबा, या वर्षी नको. तब्येत सावरू द्या.” त्यांनी वाद घातला नाही. सावरलेल्या माणसालाच मी हे सांगत होतो, हे त्यांनाही कळत होते. पुढच्या वर्षी मित्र गेला. वडील त्यानंतर सहा वर्षे जगले, पुष्कळ ठिकाणी हिंडले-फिरले, पण हैदराबादचे नाव त्यांनी काढले नाही. तो नकार डॉक्टरांचा नव्हता, घाबरलेल्या मुलाचा होता. डॉक्टराने फक्त त्याला आपली पदवी उसनी दिली होती. दोघा म्हाताऱ्यांना निम्म्या वाटेवर, निजामाबादला, एका दिवसापुरते भेटवता आले असते, हेही मला तेव्हा सुचले नाही.

म्हणून हवालदारकाकांच्या मुलाला मी म्हणालो, “आज हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. निघायच्या आधी मला सहा आठवडे हवेत.”

वाचकहो, हे सहा आठवडे कशासाठी, ते आधी सांगतो. बहुतेक कुटुंबे वृद्धांना घेऊन प्रवासाला निघण्याच्या आदल्या दिवशी डॉक्टरांकडे येतात आणि रक्तदाब तपासून घेतात. त्या एका आकड्याने फारसे कळत नाही. काकांचा रक्तदाब मी आधी निजवून मोजला, मग उभे करून तीन मिनिटांच्या आत पुन्हा मोजला. वरचा आकडा चोवीसने खाली आला. वीस किंवा त्याहून अधिक घसरण ही धोक्याची खूण असते. असा माणूस तासन्‌तास गाडीत बसून एकदम उतरला की त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि ढाब्याच्या पायरीवर पडून मांडीचे हाड मोडते. काकांची एक गोळी मी कमी केली आणि दोन आठवड्यांनी पुन्हा तपासले. घसरण आटोक्यात आली होती. आदल्या दिवशी आले असते तर हे जमले नसते.

शिवाय ई.सी.जी. काढला, मूत्रपिंडाचे काम, रक्तातील क्षार आणि तीन महिन्यांची सरासरी साखर पाहिली, पायांचे तळवे बोटाबोटांच्या बेचक्यांसह तपासले. दोन जिने न थांबता चढता येतात का, रात्री सपाट झोपता येते का, छातीत अलीकडे कधी दाटले का, हे विचारले. उत्तरे समाधानकारक होती. ती तशी नसती तर मी खरोखर ‘नको’ म्हटले असते. नुकताच हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येऊन गेलेला, छातीतले दुखणे वाढत चाललेले, बसल्या जागी दम लागणारा, खुब्याची किंवा गुडघ्याची शस्त्रक्रिया होऊन थोडेच आठवडे झालेले, अशांनी लांबचा प्रवास पुढे ढकलावाच. किती पुढे, ते उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारावे. तारीख न सांगता ‘पुढे बघू’ म्हणणे मात्र बरे नव्हे. घरच्यांनी ‘पुढे बघू’ म्हटले की वृद्ध माणूस ते ‘कधीच नाही’ असेच ऐकतो, आणि बहुधा बरोबर ऐकतो.

विमानाने जाणे सोपे झाले असते. मी सुचवलेही. काका म्हणाले, “शब्द गाडीचा दिलाय.” मग प्रश्न आला गाडी चालवणार कोण. वाहनदुरुस्तीत आयुष्य गेलेल्या माणसाला मागच्या आसनावर बस म्हणणे हे त्याला काठी देण्याहून अवघड असते. परवाना नूतनीकरणासाठी लागणारा ‘नमुना १-अ’ हा वैद्यकीय दाखला माझ्यासारखे डॉक्टर रोज भरून देतात, आणि पुष्कळदा तो घाईत भरला जातो हे मान्य करायला हवे. पिकत्या मोतीबिंदूच्या डोळ्याला समोरून येणाऱ्या दिव्याचा प्रकाश फुटलेला दिसतो. दिवसा ठीक दिसणाऱ्यालाही रात्री रस्त्याची कड दिसत नाही. आमच्यात तह झाला : गाडी पुतण्याने चालवायची, काकांनी दिवसा, सरळ चौपदरी रस्त्यावर, न्याहारीनंतर एक तास, घाटात आणि अंधारात कधीही नाही. मागे बसणाऱ्यांनीही पट्टा बांधायचा, हे कलम मी वरून घातले.

मुलगा म्हणाला, सतराशेच्या आसपास किलोमीटर आहे, तीन दिवसांत होईल. मी सात दिवस लिहिले. पहिला मुक्काम यवतमाळ : लातूर, अहमदपूर, लोहा, नांदेड, उमरखेड असा तो रस्ता. दुसरा नागपूरमार्गे शिवनी, तिसरा जबलपूरच्या पुढे मैहर, चौथा प्रयागराज, पाचवा गोरखपूर, सहावा सोनौलीची सीमा ओलांडून बुटवल आणि सातव्या दिवशी पालप्याच्या डोंगरांतून पोखरा. दिवसाला तीनशे-साडेतीनशे किलोमीटरांपेक्षा जास्त नाही, आणि अंधार पडायच्या आत खोलीत. खोली तळमजल्यावरची, न्हाणीघर खोलीला लागून. रात्री अनोळखी जागी लघवीला उठताना पडणे हा वृद्धांच्या प्रवासातला फार मोठा धोका आहे. एक छोटा विजेरीचा दिवा उशाशी ठेवावा आणि न्हाणीघराची पहिली फेरी उजेडात करून घ्यावी.

आता पाण्याविषयी. या लेखात मला एकच गोष्ट सांगायची मुभा असती तर हीच सांगितली असती. आपल्याकडील वृद्ध मंडळी, विशेषतः स्त्रिया, प्रवासाला निघाल्या की पाणी पिणे बंद करतात. काकूंना मी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, “पाणी पिलं की उतरावं लागतंय. जागा कुठं असती?” यात त्यांचे काय चुकले? पेंचच्या जंगलात महामार्गाखालून वाघांना जाण्यासाठी प्रशस्त भुयारे बांधली आहेत आणि ते फार चांगले काम आहे. पण त्याच महामार्गावर सत्तरीच्या बाईला गुडघे न वाकवता बसता येईल असे स्वच्छ शौचालय मैलोन्‌मैल मिळत नाही. या लाजेची किंमत शरीर मोजते. पाणी कमी पडले की रक्तदाब उतरतो, चक्कर येते, लघवीला जळजळ आणि संसर्ग होतो, मूत्रपिंडावर ताण येतो, आणि ‘पाणी काढणारी’ गोळी चालू असेल तर रक्तातील क्षार बिघडून माणूस बरळू लागतो. काही जण प्रवासात ती गोळी स्वतःच्या मनाने बंद करतात. हृदय कमजोर असलेल्यांना हे फार महागात पडते. गोळीची वेळ डॉक्टरांना विचारून बदलता येते. गोळी टाकून देऊ नये.

यावर उपाय साधा आहे आणि तो घरच्यांनी करायचा आहे. थांबा माणसाने मागायचा नाही, गाडीने द्यायचा. दर दीड-दोन तासांनी गाडी थांबेलच, असे आधी ठरवून टाकले की वृद्ध माणूस निर्धास्त पाणी पितो. मागावा लागला की तो तहान गिळतो. पेट्रोल पंपावरचे शौचालय आधी घरच्या कोणी पाहून यावे. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांसाठी घडीची कमोड-खुर्ची डिकीत ठेवावी. ती फार जागा घेत नाही. ज्यांना डॉक्टरांनी पाण्याचे प्रमाण बांधून दिले आहे, त्यांनी तेच पाळावे.

त्याच थांब्यावर दहा मिनिटे चालायचे. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की चार तासांहून अधिक काळ हालचालीविना बसून केलेल्या प्रवासात पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो; मग तो प्रवास विमानाचा असो, रेल्वेचा, बसचा की मोटारीचा. मुळात हा धोका थोडाच असतो, पण वय, स्थूलता, कर्करोग, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया यांनी तो वाढतो. गाडीत बसल्या बसल्या टाचा उचलणे आणि पंजे उचलणे हे आळीपाळीने करीत राहावे. प्रवासात किंवा नंतरच्या काही आठवड्यांत एकाच पोटरीला सूज आली, ती दुखू लागली, किंवा अचानक दम लागला तर मालीश करीत बसू नये. तडक रुग्णालय गाठावे.

मधुमेहाच्या गोळ्यांविषयी काकांना मी एकच नियम दिला : न्याहारीचे ताट समोर आल्याशिवाय गोळी तोंडात टाकायची नाही. खोलीवर गोळी घेतली, ‘पुढे ढाब्यावर खाऊ’ म्हणून निघाले आणि पुढे रस्ता तुंबला, की साखर उतरते. घाम, थरथर, चिडचिड, असंबद्ध बोलणे ही तिची लक्षणे. गाडीत साखरेची पुडी हाताशी हवी, डिकीत नको. इन्सुलिन घेणाऱ्यांनी ते उन्हात उभ्या गाडीत सोडू नये आणि बर्फाला चिकटवूनही ठेवू नये. गोठलेले इन्सुलिन निकामी होते. स्टेंटवाल्यांनी जिभेखालची गोळी खिशात ठेवावी आणि ती बसूनच घ्यावी, उभ्याने नाही.

औषधे दोन पिशव्यांत वाटून ठेवावीत, आठवडाभराची जास्त घ्यावीत. दुसऱ्या देशात व्यापारी नावे वेगळी असू शकतात, म्हणून यादी मूळ औषधांच्या नावांनी लिहून घ्यावी. झोपेच्या किंवा तीव्र वेदनाशामक गोळ्या असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी सोबत हवीच.

सीमेची कागदपत्रे हा माझा विषय नव्हे, पण ती नसल्याने होणारा मनस्ताप रक्तदाबाच्या वहीत उतरतो. नेपाळला जायला भारतीयांना व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र चालते; पासष्टीच्या वरच्यांना आणि पंधराच्या आतल्यांना वय व ओळख पटवणारे आधारसारखे छायाचित्र असलेले कार्डही चालते. काकांचा पुतण्या केवळ आधार कार्ड घेऊन निघाला होता. त्याचे वय पस्तीस. त्याला ते पुरणार नव्हते. गाडीसाठी सीमेवर ‘भन्सार’ म्हणजे तिथल्या सीमाशुल्काचा परवाना दिवसांच्या हिशेबाने काढावा लागतो. आयुष्मान कार्ड सीमेपलीकडे चालत नाही, आणि आपला आरोग्यविमा तिथे लागू आहे का हे कंपनीकडून लेखी विचारून घ्यावे.

दिवाळीच्या आठ दिवस आधी ते निघाले. घरची दिवाळी सोडून जायचे म्हणून काकू जरा रुसल्या होत्या. पावसाळा संपलेला, डोंगरातल्या दरडी थांबलेल्या आणि उत्तरेतले दाट धुके अजून लांब, म्हणून मुहूर्त मीच तो धरला होता. रोज संध्याकाळी पुतण्याचा निरोप येई : किलोमीटर किती, पाणी किती, साखर किती. शिवनीच्या रस्त्यावर काकांनी तासभर गाडी चालवली, तेव्हा त्याने छायाचित्रही पाठवले. सहा दिवस सगळे छान चालले होते.

सातव्या रात्री अकराच्या सुमारास फोन वाजला. पोखऱ्याला पोहोचले होते. काका सुखरूप होते. त्रास काकूंना झाला होता. त्यांना खोली ओळखू येईना. “शेळ्या आत बांधल्या का?” असे त्या पुन्हा पुन्हा विचारीत होत्या. शेळ्या विकून वीस वर्षे झाली होती. तोंड वाकडे झाले आहे का, हातापायातली शक्ती गेली आहे का, बोलणे बोबडे झाले आहे का, ताप आहे का, हे मी विचारले. तसे काही नव्हते. मग विचारले, आज नवीन काय खाल्ले-प्याले? पुतण्या जरा घुटमळला. बुटवलच्या पुढे वळणे सुरू झाली तशी काकूंना मळमळू लागले, म्हणून त्याने औषधाच्या दुकानातून गाडी लागू नये म्हणून घेतात ती गोळी आणली होती. सकाळी एक, दुपारी एक. आणि मळमळीमुळे दिवसभर पाणी जवळजवळ नाहीच.

ती गोळी प्रोमेथाझिनची होती. आपल्या अनेक घरांत ती सहलीच्या डब्यात चिवड्याच्या पुडीशेजारी असते. तरुणाला तिने नुसती झोप येते. वृद्धांच्या मेंदूवर मात्र ती आणि तिच्या जातीच्या सर्दीच्या जुन्या गोळ्या, जसे क्लोरफेनिरामाइन, भ्रम उत्पन्न करू शकतात. तोंड कोरडे पडते, बद्धकोष्ठ होते, आणि प्रॉस्टेट वाढलेल्या पुरुषांची लघवी अडून बसते. वृद्धांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची ‘बिअर्स यादी’ अमेरिकेत १९९१ मध्ये प्रथम तयार झाली. तिच्यात ही औषधे आहेत.

काकांसाठी मी ‘हे घेऊ नका’ अशी यादी करून दिली होती. काकूंसाठी केली नाही. सगळ्यांचे लक्ष स्टेंटवर, मधुमेहावर, हट्ट करणाऱ्यावर. सोबत जाणारी बाई म्हणजे सामानातली एक पिशवी असल्यासारखे मी तिला फक्त पाण्याचा उपदेश करून मोकळा झालो होतो. ही चूक पुतण्याची नाही, माझी आहे. वृद्ध जोडप्याची काळजी घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे, कारण घरोघरी असेच होते : एक जण रुग्ण ठरतो आणि दुसऱ्याची तब्येत कोणी विचारीत नाही.

अचानक आलेला भ्रम, तो औषधाचा वाटला तरी, सकाळपर्यंत घरी ठेवून पाहायचा नसतो. मी त्यांना तेव्हाच रुग्णालयात न्यायला सांगितले. मित्राच्या मुलाने नेले. साखर ठीक होती, क्षार ठीक होते, शरीरात पाणी कमी पडले होते. सलाइन लावले, गोळी अर्थातच बंद. काकांनी तिथे बसून एवढेच केले : काकूंचा चष्मा त्यांच्या डोळ्यांवर चढवला, खोलीतला दिवा चालू ठेवायला सांगितला आणि हात धरून मराठीत बोलत राहिले. भ्रमात असलेल्या माणसाला ओळखीचा आवाज, उजेड आणि स्वतःचा चष्मा यांचा मोठा आधार असतो; त्याला ओरडून ‘असं काय करतेस’ म्हणू नये. दुसऱ्या दिवशी दुपारी काकूंनी मला स्वतः फोन केला. “मी रात्री काय बोलले ते कोणी सांगंना गेलेत,” अशी त्यांची तक्रार होती.

छत्तीस वर्षांनंतरची पहिली भेट त्यामुळे रुग्णालयाच्या बाकावर रात्र जागण्यात गेली. काका नंतर मला म्हणाले, “बरंच झालं. घरी समोरासमोर बसलो असतो तर काय बोलावं सुचलं नसतं. पहारा करायची सवय हाय आम्हाला.”

पुढे एक मोह आला. मित्राच्या मुलाने जीपने मुक्तिनाथला नेतो म्हटले. आपल्याकडून कितीतरी ज्येष्ठ मंडळी तिथे जातात, म्हणून हे सांगतो. पोखरा समुद्रसपाटीपासून आठ-नऊशे मीटरवर आहे, लातूरपेक्षा फार उंच नाही. मुक्तिनाथ सुमारे ३,७०० मीटरवर आहे. अडीच हजार मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास सुरू होऊ शकतो, आणि जीपने झपाट्याने वर नेले की शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही. डोकेदुखी, उलटी, तोल जाणे, बसल्या जागी दम लागणे अशी लक्षणे दिसली तर उपाय एकच, ताबडतोब खाली उतरणे. त्यातून तिथल्या १०८ धारांच्या बर्फगार पाण्याखाली स्टेंटवाल्याने उभे राहायचे म्हणजे हृदयाला आव्हान देणे. जायचेच असेल तर त्याची वेगळी तयारी करावी, वाटेत मुक्काम घ्यावेत. भेटीच्या प्रवासाला ते शेपूट जोडू नये. काकांनी ऐकले. अर्थात त्याचे श्रेय मला नाही. मित्राचे गुडघे गेलेले होते, आणि त्याच्याशिवाय काका कुठे जाणार नव्हते. दोघे फेवा तलावाच्या काठी बाकावर बसत, एवढेच त्यांचे पर्यटन.

आपली भाऊबीज असते त्याच दिवशी नेपाळमध्ये भाईटीका असते. मित्राच्या बहिणीने भावाच्या शेजारी दाजूलाही बसवले आणि कपाळावर सात रंगांचा उभा टिळा लावला. ते छायाचित्र काकांच्या फोनवर आहे आणि दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला ते दाखवले जाते.

परत आल्यावर मी त्यांना तपासले. कोणी चमत्काराची अपेक्षा करीत असेल तर निराशा होईल. रक्तदाब तोच होता. वजन दोन किलोंनी वाढले होते आणि साखरही वाढली होती. तिकडच्या सणात तांदळाच्या पिठाचे तळलेले गोड ‘सेलरोटी’ नावाचे कडे असते, ते काकांनी मोजून खाल्ले नसावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालात जगभरात दरवर्षी ८ लाख ७१ हजारांहून अधिक मृत्यूंचा संबंध एकटेपणाशी जोडला आहे. तो आकडा मी काकांच्या मुलाला दाखवला, पण मित्रभेट ही गोळीसारखी लिहून देण्याची गोष्ट आहे असे मला वाटत नाही. काका औषध म्हणून गेलेच नव्हते. ते शब्द दिला होता म्हणून गेले.

मुलगा मागच्या आठवड्यात पुन्हा एकटाच आत आला आणि त्याने दार लोटून घेतले. या वेळी त्याच्या हातात फोन होता. “त्यांचे मित्र इकडं यायचं म्हणतेत. गोरखपूरहून रेल्वेनं. त्यांच्या गोळ्यांची चिठ्ठी पाठवलीय, तुम्ही जरा बघा म्हणलेत.” मी चिठ्ठी मोठी करून पाहिली. रक्तदाबाची एक गोळी, प्रॉस्टेटसाठी टॅमसुलोसिन, गुडघ्यांसाठी पॅरासिटामॉल, आणि खाली कोणीतरी वेगळ्या शाईने लिहिलेले, प्रवासात सर्दी झाली तर म्हणून, क्लोरफेनिरामाइन. ते तेवढे खोडायला सांगितले, आणि विचारायला सांगितले की ते दिवसाला पाणी किती पितात आणि सोबत कोण येते आहे. वहिनी येणार असतील तर त्यांचीही चिठ्ठी पाठवा म्हणावे.